हातोड्यांची जागा

धुळ्यात मी पहिल्यांदा ज्या माणसाशी बोलले, त्याने मला उत्तर द्यायला साफ नकार दिला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावहून एसटीने आले होते. कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती आणि कॉलेजच्या शिपायाने राहण्यासाठी एका खोलीचा पत्ता कागदावर लिहून दिला होता. गल्लीचा नंबर बरोबर होता, पण घर कळेना. अनोळखी माणसाला काही विचारायचं तर मला ते वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाहावं लागे. तसं म्हणून पाहिलं आणि एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांपाशी गेले. खाकी अर्धी चड्डी, पांढरी बंडी, मांडीवर एक लांबट वही.

“काका, बत्तीवाले नाना कुठे राहतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुटकेसकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“मी जागा सांगत नाही,” ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. ‘मी चहा घेत नाही’ म्हणावं तसं म्हणाले. मी इतकी गोंधळले की ‘थँक यू’ म्हणून पुढे निघाले. भर उन्हात गल्लीचं टोक गाठलं, परत आले, शेवटी किराणा दुकानदाराला विचारलं. तो पोट धरून हसला.

“अहो मॅडम, आत्ता ज्यांना विचारलंत तेच नाना. आणि तो ओटा त्यांचाच!”

मी परतले तेव्हा नानांच्या पत्नी, अक्का, दारात उभ्या होत्या. “ये वं माय, मझार ये,” त्या म्हणाल्या. “हाऊ कोणलेच काही सांगस नही. सोतानं घर बी नही.” नाना वहीत काहीतरी लिहीत होते. पुढे कळलं, मी ओट्यावरून किती वेळा गेले ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. तीन.

वरची खोली मला मिळाली. अट एकच होती, आणि ती अक्कांनी हलक्या आवाजात सांगितली: घरात कांदा आणायचा नाही. मला वाटलं माळकरी असतील. गळ्यात माळ नव्हती. लसूण चालायचा, मटणही चालायचं. सणावाराला अक्का बोकडाचं मटण करायच्या, ते बिनकांद्याचं. “बठ्ठं गाव कांदा खास, आमनाच घरमा नही,” असं त्या दर दोन दिवसांनी भिंतीला सांगत. भिंतीपलीकडे नाना असत.

नानांची जागा न सांगण्याची सवय गल्लीला पाठ होती. पोरं मुद्दाम विचारत, “नाना, तुमचं नाक कुठंय?” नाना लगेच हाताने नाक झाकून घेत. पोरं खिदळत. नाना हसत नसत, पण हातही काढत नसत.

एकदा साक्रीकडून आलेलं लग्नाचं वऱ्हाड आमच्या गल्लीत भरकटलं. मंडप मागच्या गल्लीत होता, बँडचा आवाजही येत होता. नवरदेवाच्या मामांनी नानांना विचारलं. नाना म्हणाले, “मी जागा सांगत नाही.” मामा आधीच घामाघूम झालेले. ते ओरडले, “म्हतारा येडा शे का?” नाना उठले, पायात चपला सरकवल्या आणि वऱ्हाडाच्या पुढे चालू लागले. मंडपाच्या दारापर्यंत सगळ्यांना नेऊन सोडलं, आणि न जेवता परत आले.

हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. ते सांगत नसत, पण घेऊन जात. एखादी म्हातारी बसस्टँड विचारायला थांबली की ते तिची पिशवी उचलून तिच्याबरोबर स्टँडपर्यंत जायचे. वाटेत तिची सगळी चौकशी करायचे. कुठल्या गावची, कुणाकडे चाललीस, कशासाठी. शेजारच्या घरी एकाला झटका आला तेव्हा त्याच्या मुलाने डॉक्टरचं घर विचारलं, तर नाना स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. तोंडाने मात्र एवढंसुद्धा म्हणाले नाहीत की ‘त्या कोपऱ्यावर’.

मी एकदा धीर करून विचारलं, “नाना, सांगायला काय हरकत आहे?”

“सांगितलं की माणूस एकटा जातो, मॅडम,” ते म्हणाले. “तिथे जाऊन तो काय करेल, ते आपल्याला दिसत नाही.”

माझं वय तेव्हा तेवीस होतं. तरी मी कॉलेजात शिकवते म्हणून ते मला ‘मॅडम’ म्हणत, आणि ‘अहो’ करत. मला अवघडल्यासारखं व्हायचं.

दुसरी सवय मोजण्याची. सकाळी पांझरा नदीकडे म्हशी जात, त्या ते मोजायचे. संध्याकाळी परतलेल्या मोजायचे. आभाळातले ढग, वाऱ्याची दिशा, ओट्यावरून गेलेली माणसं, सगळं त्या वहीत. सातवीपर्यंत शिकलेले होते. मराठी वाचायचे. इंग्रजी आकडे वाचायचे आणि सुंदर काढायचे, इंग्रजी अक्षर मात्र लागायचं नाही. आयुष्यभर सरकारी दीपगृहांवर मदतनीस होते, म्हणून बत्तीवाले. मूळ गाव पिंपळनेरच्या पलीकडचं, डोंगरातलं. समुद्र म्हणजे काय ते नोकरीच्या हुकमाबरोबरच कळलं, असं ते म्हणत. अक्का सगळी वर्षं गावीच होत्या. “मी दिन मोजू, हाऊ मासा मोजे,” हे त्यांचं नोकरीबद्दलचं एकमेव मत.

मासे कुठले, ते मला कळलं एका कांद्यामुळे.

मी दर पंधरा दिवसांनी जळगावला घरी जायची. एका रविवारी आईने डब्यात वांग्याचं भरीत दिलं, कळण्याच्या भाकरी दिल्या, आणि मी नाही म्हणत असताना दोन कांदे कोंबले. दुपारी खोलीचं दार लावून मी जेवायला बसले. चोरी होती, म्हणून खिडकीही लावली. घरच्या सवयीने कांदा फरशीवर ठेवला आणि बुक्की मारून फोडला.

दार उघडलं. नाना गच्चीवर होते, हे मला माहीत नव्हतं. वास नव्हे, तो धप्प आवाज त्यांनी ऐकला होता. ते दारात उभे राहून फुटलेल्या कांद्याकडे बघत राहिले आणि मग उंबऱ्यावर खालीच बसले. एवढ्या वयाचा माणूस माझ्यामुळे असा थरथरताना पाहून माझा घास तोंडातच राहिला. अक्का पाणी घेऊन आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कांदे पदरात गुंडाळले आणि खाली गेल्या.

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला ओट्यावर बोलावलं. हातात अक्कांचं लाटणं होतं.

“हे असं,” त्यांनी लाटणं कपाळावर आडवं धरलं. “या टोकाला एक डोळा, त्या टोकाला एक डोळा. अंग पुरुषभर. कधी दीड पुरुष. हातोडी मासा. आम्ही हातोडे म्हणायचो.”

मी शाळेत असताना पुस्तकात चित्र पाहिलं होतं. हॅमरहेड शार्क. मला वाटायचं, तो फक्त चित्रात असतो.

नाना सांगत गेले. अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून फार आत, एक प्रवाळाचं बेट होतं. त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. “पाण्यात टाकलेली बांगडी, मॅडम. बांगडीच्या आत कमरेभर हिरवं पाणी, बाहेर एक पाऊल टाकलं की तळच नाही.” बांगडीवर एके ठिकाणी वाळूचा पट्टा, काही नारळ, एक दीपगृह आणि चार माणसं. रसद तीन-तीन महिन्यांनी यायची, पावसाळ्यात तर त्याहून उशिरा. नानांनी रॉकेलच्या डब्याचा तळ कापून तिथे काच बसवली होती. होडीतून डबा पाण्यात दाबला की खालचं सगळं दिसायचं.

“पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी होडीची कड घट्ट धरली. मी पिंपळनेरकडचा माणूस, मला पोहता येत नाही. काचेखाली बघतो तर शेकड्यांनी. सगळे एकाच दिशेने, सावकाश, गोल फिरतायत. एकानेही वर पाहिलं नाही.”

रोज सकाळी, सूर्य काठीभर वर आला की, बेटाच्या एका अंगाला ते जमायचे. दिवसभर तिथेच फिरायचे. अंधार पडला की एकेकटे खायला निघून जायचे, आणि सकाळी पुन्हा त्याच जागी. “आपल्या गुरांचं उलटं,” नाना म्हणाले. “गुरं दिवसा चरतात आणि रात्री गोठ्यात. हे रात्री चरायचे. मी काय करायचो, गोठा मोजायचो.”

तिथे मोजायची सवय लागली. कुणी सांगितलं नव्हतं. वही स्वतःची, पेन्सिल स्वतःची.

मग एका वर्षी, पावसाळा संपता संपता, एक मोठी होडी गोडं पाणी मागायला आली. बेटावरचे कांदे दोन महिन्यांपूर्वीच सडले होते. भात, डाळ, मासे, भात, डाळ, मासे. नानांना स्वप्नात ठेचा दिसायचा. होडीतल्या माणसांनी पाण्याच्या बदल्यात पोतंभर कांदे वाळूवर ठेवले आणि गप्पा मारता मारता विचारलं, इकडे मोठी मुशी, म्हणजे शार्क, कुठे मिळते?

“मी फक्त बोट केलं,” नाना म्हणाले. “या हाताचं हे बोट. आणि म्हणालो, सूर्य काठीभर वर आला की. एवढंच.”

ते बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाची भाकरी थापली, कांदा बुक्कीने फोडला आणि खाल्ला. फार गोड लागला. मग डबा घेऊन मोजायला गेलो.”

होडी नुकतीच निघून गेली होती. पाणी गढूळ होतं. काचेखाली हातोडे होते, पण फिरत नव्हते. पाठीवरचा, बाजूचे, सगळे पर कापलेले. माणसांना पर तेवढे हवे होते, ते परदेशात सूपमध्ये घालतात, हे नानांना पुढे कळलं. बाकीचं धूड त्यांनी जिवंतच पाण्यात लोटून दिलं होतं. ते कलंडत, गोल गोल वळत खाली चालले होते. तोंडं उघडत-मिटत होती. लाटण्याच्या दोन टोकांवरचे डोळे उघडे होते.

“पर नसले की त्याला पोहता येत नाही,” नाना म्हणाले. “मासा बुडतो, मॅडम. तुम्ही कधी मासा बुडताना पाहिलाय?”

मी मान हलवली. त्या दिवशी कॉलेजात मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. फळ्यावर तारीख लिहिली आणि वर्गाकडे पाठ करून बराच वेळ तशीच उभी होते एवढं आठवतं.

पुढची वर्षं नानांनी बदली मागितली नाही. पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतके हातोडे उरले होते. मग थोडे वाढले. मग आणखी थोडे. निवृत्तीच्या वर्षी, बेट सोडण्याच्या आदल्या सकाळी, त्यांनी शेवटचं मोजलं. हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

“दोनदा चुकलो,” ते म्हणाले. “इतके होते.”

ही गोष्ट मी लिहिली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी महिनाभरात चार वाक्यं बोलत नसे, पण कागदावर माझी भीड चेपायची, तीही इंग्रजीत. मी नानांना विचारलं. ते म्हणाले, “लिहा. जागा लिहू नका.” मी बेटाचं नाव लिहिलं नाही, दिशा लिहिली नाही, वेळ लिहिली नाही. एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ते छापून आलं, खाली माझं नाव. कॉलेजच्या प्राचार्यांनी हात जोडून ‘वा’ म्हटलं. नानांनी पान मांडीवर पसरून सगळे आकडे वाचले. अक्का म्हणाल्या, “आते पेपरमा नाव उनं. आते तरी कांदा खा!”

तीन आठवड्यांनी माझ्या नावाने पत्र आलं. वर्तमानपत्राने पुढे पाठवलेलं. जाड, किंचित पिवळसर कागद, टाइप केलेला मजकूर, खाली सुरेख सही. मी ते खोलीत वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग खाली येऊन नानांना वाचून दाखवायला बसले.

पहिला उतारा मी गाळला. तो माझ्याबद्दल होता, आणि तो मोठ्याने वाचायची मला लाज वाटली.

पुढच्या उताऱ्यांत लिहिलं होतं की, या माशांमध्ये पत्र लिहिणाऱ्यांना कित्येक वर्षांपासून रस आहे. ते इतक्या संख्येने एका जागी जमतात हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या मित्राने, म्हणजे नानांनी, जे पाहिलं ते त्यांच्याबरोबर नाहीसं होऊ नये. बेट कोणतं, कोणती बाजू, कोणते महिने, एवढं कळलं तर मोठे उपकार होतील.

मी वाक्यावाक्याला थांबून मराठी सांगितलं. नाना ऐकत होते.

“कोण आहे हा माणूस?”

“शास्त्रज्ञ असावेत,” मी म्हणाले. पत्रात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. “माशांना वाचवायचं असेल त्यांना.”

“तुम्ही ओळखता?”

“नाही. पण पत्र फार चांगलं आहे, नाना. असं लिहिणारा माणूस...” मला मराठी शब्द सापडला नाही. “सुसंस्कृत आहे.”

नाना म्हणाले, “त्याला लिहा, धुळ्याला ये. मी बरोबर येतो. बेटापर्यंत येतो. मला होडीत बसव म्हणावं, मी दाखवतो.”

आणि मी हसले. हे मला आजही लख्ख आठवतं. मी मोठ्याने कधी हसत नसे, तेव्हा हसले.

“नाना, एवढा मोठा माणूस इथे गल्लीत कशाला येईल? लोक पत्रानेच विचारतात. जगात असंच चालतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात शंका नव्हती. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी, कॉलेजात शिकवणारी, पेपरात नाव आलेलं. जगात कसं चालतं ते तिला माहीत असणार.

“तुम्ही म्हणता म्हणून,” ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं. बेटाचं नाव, कोणतं अंग, किती अंतरावर पाण्याचा रंग बदलतो, कोणते महिने, सूर्य कुठे आला की. इतकी वर्षं दाबून ठेवलेली जागा, सलग, न अडखळता. मी ते माझ्या उत्तम इंग्रजीत लिहिलं, दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, आणि स्वतः पोस्टात टाकून आले.

त्यानंतरचे काही महिने नाना बदललेले होते. पांझरेवर जाणाऱ्या म्हशी मोजताना ते गुणगुणत. एकदा तर एका मुलीने दवाखाना विचारला तेव्हा त्यांचा हात वर उठला होता, बोटही सरळ झालं होतं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि चपला शोधायला लागले. पोस्टमन आला की विचारायचे, “आपल्या माणसाचं काही?” आपला माणूस म्हणायचे. मला फार बरं वाटायचं.

दुसरं पत्र उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. सकाळची वेळ, मी कॉलेजला निघाले होते. जिन्यातच लिफाफा फोडला. कागद तसाच जाड होता, पण या वेळी माथ्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. समुद्री माल परदेशी पाठवणारी कंपनी. खाली दोनच ओळी. आपली माहिती अगदी तासाबरहुकूम अचूक ठरली, मनापासून आभार. सोबत एक रंगीत फोटो.

फोटोत सिमेंटचा धक्का होता. त्यावर हातोडे ओळीने मांडले होते, बाजारात मांडतात तसे, ओळीमागे ओळ. परांचा ढीग वेगळा, ताडपत्रीवर. एक माणूस हसत उभा होता. त्याचा बूट एका आडव्या डोक्यावर होता, डोळ्याच्या अगदी शेजारी.

मी जिन्यात किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. खालून कुकरची शिट्टी ऐकू आली, गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, आणि मला वाटलं या आवाजांना थांबता कसं येत नाही. पहिलं पत्र मी त्या क्षणी मनात पुन्हा वाचलं. ते मला पाठ होतं. त्या माणसाने एकही खोटं वाक्य लिहिलेलं नव्हतं. ‘कित्येक वर्षांपासून रस आहे’, एवढंच. शास्त्रज्ञ मी केला होता. माशांना वाचवण्याचा हेतूही मीच दिला होता.

“मॅडम?” ओट्यावरून नानांचा आवाज आला. “आपल्या माणसाचं?”

मला काहीही सांगता आलं असतं. नानांना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं, अक्कांना अजिबात नाही, गल्लीत इंग्रजी वाचणारी मी एकटी. फोटो पर्समध्ये, पत्र हातात, आणि जे मनाला येईल ते मराठीत. ‘हातोडे मजेत आहेत, नाना.’ त्यांनी ते वहीत लिहून घेतलं असतं आणि मरेपर्यंत गुणगुणत राहिले असते. ते वाक्य मी मनात म्हणूनही पाहिलं. दोनदा.

मी ओट्यावर गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कागदावर जे होतं ते वाचलं. कंपनीचं नाव, मग दोन ओळी. शब्दाला शब्द. मग फोटो दिला.

नानांनी चष्मा पुसला. फोटो उन्हात धरला. मला वाटलं ते ओरडतील, किंवा त्या दिवसासारखे थरथरतील. त्यांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक फोटोवर टेकवलं आणि मोजायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. ओठ हलत होते. शेवटपर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला. ते एकदाही चुकले नाहीत.

आकडा वहीत लिहिला, त्यावर तारीख घातली, आणि वही मिटली.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला नव्हता, नवऱ्याचा चेहरा पाहिला होता. “काय व्हयनं?” त्यांनी मला विचारलं. माझे दात एकमेकांवर आपटत होते, आणि बाहेर उन्हाळा सुरू झालेला होता.

“नाना, माझी चूक आहे,” मी म्हणाले. “तुम्ही त्याला इथे बोलवा म्हणाला होतात.”

ओट्यावरून कोण गेलं, कोण आलं, त्या दिवशी त्यांनी पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, “पहिल्या पत्रात उतारे चार होते. तुम्ही तीन वाचलेत. खरं ना?”

इंग्रजी अक्षर न लागणाऱ्या माणसाने माझ्या हातातल्या कागदावरचे उतारे मोजले होते. त्या दिवशीच मोजले होते, आणि इतके महिने विचारलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

“मला कांदा मिळाला होता, मॅडम. तुम्हाला काय मिळालं? त्या पहिल्या उताऱ्यात काय होतं?”

मी वर गेले. पत्र माझ्या उशीखालच्या पुस्तकात होतं, घडीवर मऊ पडलेलं. खाली आले आणि पहिला उतारा त्यांना आधी इंग्रजीत वाचून दाखवला, कारण तो इंग्रजीतच चांगला होता. मग मराठीत सांगितलं. की आपला लेख वाचून मी थक्क झालो. की इतकं निर्दोष, इतकं देखणं इंग्रजी मोठमोठ्या शहरांतसुद्धा आता वाचायला मिळत नाही. की धुळ्यासारख्या लहान गावात असा हात आहे यावर विश्वास बसत नाही. की हा हात जपावा. मराठीत सांगताना ते फारच थोडं वाटत होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

नाना ओट्यावर जरा सरकले. त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“पोतंभर होतं की गं, पोरी,” ते म्हणाले. “बस.”